पेशंट शांत आहे

नापास व्हायचीसुद्धा सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही. दोनदा आपटले, तरी तिसऱ्या खेपेला पाचावर धारण बसायची ती बसलीच.

विषय एकच, पॅथोफिजिऑलॉजी. नुसतं नाव नीट उच्चारायला मला आठवडा लागला होता. रोग शरीरात शिरला की आत काय बिघडतं, कुठल्या क्रमानं बिघडतं आणि शरीर ते किती वेळ झाकून नेतं, हे सगळं त्यात असतं. बाकीचे पेपर मी पहिल्या फटक्यात काढले. इथं येऊन घोडं अडलं. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नर्सिंगच्या शाळेतून नाव कमी, असा नियम आहे. आणि नाव कमी म्हणजे मी पुन्हा मावशी.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. हॉस्पिटलात वॉर्ड पुसणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, पेशंटला बेडपॅन देणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. नऊ वर्षं मी ते काम केलं आणि मला त्याची लाज नाही. राग आहे तो एकाच गोष्टीचा. पेशंटच्या अंगाला सगळ्यात जास्त हात माझा लागायचा, पण नऊ वर्षांत एकाही डॉक्टरनं मला काही विचारलं नाही. विचारायच्या त्या सिस्टर, तेही ड्यूटी संपताना, दारातून. त्यावर आम्हा मावश्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "सगळे शांत." कोणी ओरडत नाही, कोणी पलंगावरून पडलेलं नाही. झालं, जा घरी.

आमच्या ट्यूटर मॅडमना हा शब्द बिलकूल खपायचा नाही. मी वर्गात एकदा बोलून गेले, तर म्हणाल्या, "शांत म्हणजे काय गं? झोपलाय, बेशुद्ध आहे, की मेलाय? मेलेल्या माणसालाही आपण शांत झाला म्हणतो. श्वास किती, नाडी किती, ओठांचा रंग कसा, ते सांग." वर्ग हसला, मीही हसले आणि गेल्या परीक्षेत तिथंच माती खाल्ली. प्रश्न होता, दम्याच्या मोठ्या झटक्यात छातीतली शिट्टी अचानक थांबली तर काय समजाल? मी लिहिलं, पेशंट शांत झाला, त्याला आराम पडला. तीन मार्कांचा प्रश्न होता आणि मी दोन मार्कांनी गेले. खरं उत्तर असं की शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. आवाज थांबला म्हणजे हवाच आत-बाहेर होत नाहीये. त्याला सायलेंट चेस्ट म्हणतात आणि तिथून पुढे हातात फार वेळ नसतो.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि नवऱ्याची मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्नानंतर दोन वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, खोटं कशाला बोलू. पण नर्सिंगचा फॉर्म त्यांनीच आणला. नवरा म्हणाला, चौतिसाव्या वर्षी कसली शाळा? तर वन्सं शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "ती शिकेल. तू भांडी घास." तो अजून घासतोय. त्या दिवसापासून त्या मला सिस्टर म्हणायला लागल्या. आधी चिडवायला म्हणायच्या, मग तेच माझं नाव झालं.

वन्सं घरी बसून शाळेचे गणवेश शिवायच्या आणि त्यांना लहानपणापासून दमा. हवा बदलली, कपड्याची धूळ नाकात गेली, की छातीतून बारीक सूर लागायचा. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. "आज पेटी जोरात आहे," असं म्हणून नवरा दम्याचा पंप शोधायचा, त्या दोन दाब ओढायच्या आणि पुन्हा मशीन सुरू.

माझा अभ्यास त्याच घ्यायच्या. कपडा बेतायच्या खाकी कागदाची त्यांनी मला पत्त्यांएवढी कार्डं कापून दिली होती. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. इंग्रजी शब्द मी आपल्या अक्षरांत लिहिले होते. त्या चष्मा नाकावर ओढून वाचायच्या, "हाय... पॉक्सिया. कोण गं ही पॉक्सिया? आणि हिला हाय कशाला म्हणायचं?" मी सांगायचे की रक्तात प्राणवायू कमी पडणं म्हणजे हायपॉक्सिया, आधी माणूस बेचैन होतो, मग गुंगी येते. त्या उत्तर ताडून बघायच्या आणि कार्ड मशीनच्या खणात टाकायच्या. पाठ झालेली कार्डं खणात, न झालेली माझ्या मांडीवर. मांडीवरची काही केल्या कमी होत नव्हती.

या अभ्यासाचा एक त्रास आहे. जो रोग वाचाल तो घरात दिसायला लागतो. मूत्रपिंडाच्या आठवड्यात मी रोज सकाळी नवऱ्याच्या डोळ्यांखाली सूज शोधली. हृदयाच्या आठवड्यात त्याच्या पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघितलं, तर म्हणाला, "या आठवड्यात मला काय झालंय तेवढं सांग, म्हणजे तशी रजा टाकतो." वन्संची तर मी छाती, नखं, जीभ काही सोडलं नाही. दोनदा नको तेव्हा त्यांना हॉस्पिटलात नेलं. दोन्ही वेळा डॉक्टरनी हसून परत पाठवलं. तेव्हा वन्संनी मला दम भरला, "आता पेपर होईपर्यंत माझ्या अंगाला हात लावायचा नाही. भीक नको, पण कुत्रा आवर अशी गत झालीय माझी." मी कबूल केलं.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी तेच कार्ड निघालं. वन्संनी वाचलं, शिट्टी अचानक थांबली तर? मी धडाधड उत्तर दिलं. त्यांनी कागद उलटून बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी पेटी वाजतेय तोवर काळजी नाही म्हण की." आम्ही दोघी हसलो. कार्ड खणात गेलं.

पेपरच्या दिवशी पहाटेपासून त्यांना धाप लागली होती. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर कामाला आहे. त्याची सकाळची पाळी, तो साडेपाचलाच गेला. मी वन्संना पंप दिला, सहा वाजता वाफेच्या मशीनवर औषधाची वाफ दिली, सात वाजता पुन्हा दिली. त्या खुर्चीत पुढे वाकून, शिलाई मशीनच्या फळीवर कोपर टेकून बसल्या होत्या. पेटी एवढ्या जोरात की बाथरूममध्ये ऐकू यायची. पेपरच्या भीतीनं पाठ केलेलं सगळं डोक्यातून गळून चाललं होतं, आणि त्यात तो आवाज.

"हॉस्पिटलात जाऊ या," मी म्हटलं.

"पेपर झाल्यावर," त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन म्हणाल्या, "नेहमीचंच आहे."

पेपर दहाला होता. साडेनऊला फाटक बंद करतात, मग कोणालाही घेत नाहीत. आठ पंचेचाळीसची बस मिळायलाच हवी होती. मी हॉलतिकीट तिसऱ्यांदा बघून पिशवीत टाकलं, आणि पेटी थांबली.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वीस झाले होते. मला आधी बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. घर एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. सुटले बाई, वाफ लागू पडली, असंच मनात आलं.

"वन्सं, बरं वाटतंय ना?"

त्यांनी मान हलवली. हातानं दाराकडे खूण केली आणि म्हणाल्या, "जा."

दम्याचा पेशंट एका श्वासात किती शब्द बोलतो ते मोजायचं असतं. पुस्तकात आहे, कार्डावर आहे, मॅडमनी घोकून घेतलंय. मी मोजलं. एक. आणि ही बाई कशी, तर मी कोपऱ्यावर सामान आणायला निघाले तरी दहा सूचना देणारी. मी तिथं तीन पावलांवर उभी होते. पुढे होऊन पाठीला कान लावायचा, एवढंच करायचं होतं. पण पेपर होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना आमचं? मला तेवढं निमित्त पुरलं. चपला घातल्या, दार ओढलं आणि जिना उतरले.

बस वेळेवर आली आणि मी चढले. खिडकीजवळ जागासुद्धा मिळाली. पिशवीतून कार्डं काढली, पण एक अक्षर दिसेना. पहिल्या थांब्याला मी स्वतःला सांगितलं, झोप लागली असेल, पहाटेपासून बसून होत्या. दुसऱ्या थांब्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. उचलला नाही म्हणजे झोपच लागली, बघ. तिसऱ्या थांब्याला कार्डं मांडीवरून सांडली, तरी मी उचलली नाहीत. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी नाही म्हटलं आणि तिचा पाय तुडवत खाली उतरले. मला बसमध्ये काही नवीन आठवलं नव्हतं. जिन्यात होतं तेवढंच माहीत होतं. जिन्यात मला नापास व्हायची भीती जास्त होती आणि तिसऱ्या थांब्याला ती कमी पडली, इतकंच.

तीन थांब्यांचं अंतर मी पळत आले. घरात शिरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. वन्संचं डोकं मशीनच्या फळीवर होतं. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. हाक मारली तर पापणी हलली. पाठीला कान लावला. डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. छाती कष्टानं वर येत होती आणि आत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. रिकाम्या माठाला कान लावला तरी त्याच्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

खाली गॅरेज आहे. गॅरेजवाल्यानं एक शब्द विचारला नाही. दुरुस्तीला आलेली कुणाची तरी गाडी काढली, वन्संना उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि हॉर्नवर हात ठेवून निघाला. मी त्यांना बसती धरून नाडी मोजत होते. नवऱ्याला फोन केला, एवढंच म्हटलं, "वन्संना जास्त झालंय, कॅज्युअल्टीत या."

कॅज्युअल्टी म्हणजे माझं जुनंच हॉस्पिटल. तिथं नेमकी गर्दी उसळली होती. कुठल्या तरी कारखान्यात जिना कोसळला होता. पाच-सहा जण कण्हत होते, एकजण आईच्या नावानं ओरडत होता, सगळे तिकडे धावत होते. टेबलावरच्या सिस्टर माझ्या ओळखीच्या निघाल्या. त्यांनी नऊ वर्षं मला मावशी म्हणूनच बघितलं होतं. व्हीलचेअरकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, "काय गं मावशी, पेशंट कसा आहे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "शांत आहे."

कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. नऊ वर्षांची सवय. सिस्टरनी विचारलं की जीभ आपोआप तिथंच जायची.

"मग बसव तिकडे भिंतीला. बघते." त्या वळल्यासुद्धा.

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. दोन पावलं ढकललीसुद्धा. वन्संची मान एका बाजूला कलंडली आणि माझ्या लक्षात आलं, मी आत्ता काय सांगून आले. इथं मोठ्या आवाजात बोलायची मला कधी परवानगी नव्हती. आरडाओरडा करणाऱ्या मावशीला बाहेर काढतात. मी परत फिरले, सिस्टरचा दंड धरला आणि म्हटलं, "शांत नाही. चुकले मी. दम्याचा पेशंट, सायलेंट चेस्ट. नाडी एकशे चाळीस, श्वास छत्तीस पण उथळ, ओठ निळे. तासाभरापूर्वी एका श्वासात एक शब्द बोलत होत्या, आता तोही नाही. गुंगीत जातायत."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डॉक्टरला अशी हाक मारली की तो ओरडणारा माणूससुद्धा गप्प झाला.

प्राणवायू लागला, सुई लागली, वाफ सुरू झाली. डॉक्टर माझ्याहून लहान मुलगी होती. तिनं स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना फिरवला आणि न बघताच विचारलं, "आवाज कधी थांबला?" तेवढ्यात नवरा धापा टाकत आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याच्या अंगावर कामाचाच शर्ट होता.

मी नवऱ्याकडे बघितलं.

"कधीपासून असं आहे त्यावर मला ठरवायचंय," डॉक्टर म्हणाली. "छातीचे स्नायू थकले असतील तर नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. आत्ताच थांबलाय की वेळ झालाय?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. नवरा शेजारी होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. आत्ताच म्हटलं असतं तर तिनं कदाचित आणखी पंधरा मिनिटं वाफेवर वाट बघितली असती.

"आठ वीसला," मी म्हटलं.

तिनं घड्याळ बघितलं. नऊ अठ्ठावीस. "तासाच्या वर झाला. तुम्ही होतात तिथं?"

"होते. मला ऐकू आलं. मग मी पेपरला गेले. तीन थांबे जाऊन परत आले."

तिनं केसपेपरवर फक्त आठ वीस लिहिलं आणि म्हणाली, "नळी. आत्ता." पडदा ओढला गेला.

नवरा माझ्याकडे वळला. "तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तू गेलीस?"

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पाण्याच्या नळाशी जाऊन उभा राहिला, पाणी न पिता. मी पडद्याखालून दिसणारे पाय बघत होते. पाय पळायला लागले की काय समजायचं आणि थांबले की काय समजायचं, हे मला नीट माहीत होतं, म्हणून भीती दुप्पट होती. दहा वाजले. तिकडे प्रश्नपत्रिका वाटल्या असतील, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. अशा वेळीही वाटलं. मला स्वतःचीच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. मधल्या दोन दिवसांत नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलला, डबा आणला, औषध आणलं, एवढंच. ट्यूटर मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, गैरहजर म्हणजे नापास, नियम तोच आहे. पण अर्ज करून बघ, काय झालं ते वेळेसकट लिही. मी कागद घेतला, आठ वीस लिहिलं आणि पुढे पेन चालेना.

दुपारी नवरा औषधं आणायला खाली गेला होता. वन्संनी डोळे उघडले. नळीनं घसा सोलवटला होता, त्यामुळे आवाज खरखरीत, आणि बोलणं तुकड्या-तुकड्यानं.

"पेपर कसा गेला?"

"दिला नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला राहवेना. "वन्सं, मी गेले होते. तुमचा आवाज थांबला ते ऐकलं होतं मी. कळलं होतं मला. तरी बसमध्ये बसले."

"माहितीये. जिन्यात... चपला ऐकल्या तुझ्या."

"तुम्ही मान हलवलीत. जा म्हणालात."

"म्हटलं होतं." त्यांनी दम घेतला. मी मोजत होते, एका श्वासाला चार शब्द, तीन शब्द. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण तू जाशील... असं नव्हतं वाटलं."

रागानं नाही म्हणाल्या. राग असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्यानं दोन घोट पाजले आणि त्यांचं तोंड पुसलं.